१० पटीचं ट्रिपलेट भिंग: रॅगवर्ट ओळखायचं असेल तर हे घ्याच

इंग्लंडमध्ये राहणारे आणि जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेची पिवळी फुलं बघून "अरे ही तर आपली सोनकी" म्हणणारे जे कोणी असतील त्यांच्यासाठी खास लिहितेय. तसं वाटणं साहजिकच आहे, आपली सोनकी म्हणजे सेनेसिओ बॉम्बेएन्सिस आणि इथली ही पिवळी फुलं, म्हणजे रॅगवर्ट, एकाच गोतावळ्यातली, कॉमन रॅगवर्टलाही आधी सेनेसिओच म्हणायचे, आता त्याला जॅकोबिया वल्गॅरिस म्हणतात. पण इथे पुढची पंचाईत अशी की लांबून सारखीच दिसणारी तीन-चार रॅगवर्ट आहेत आणि फोनवरचं अ‍ॅप वरून काढलेल्या फोटोवर बहुतेक वेळा "कॉमन रॅगवर्ट" सांगून मोकळं होतं. पाकळ्या मोजूनही काही होत नाही हो, कॉमन, होरी आणि ऑक्सफर्ड तिन्हींना साधारण १३च्या आसपासच असतात.

खरी ओळख फुलाच्या मागच्या बाजूला आणि बियांवर असते, आणि ती नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. म्हणून हे भिंग घेतलं. १० पटीचं, तीन काचा एकत्र चिकटवलेलं म्हणजे ट्रिपलेट, धातूच्या कव्हरमध्ये फिरवून बंद होणारं. साध्या एका काचेच्या स्वस्त भिंगात कडेला निळी-पिवळी झालर दिसते, यात ती जवळजवळ नाहीच, आणि पिवळं फूल बघताना हा फरक फार जाणवतो.

आता मुद्द्याचं. फूल उलटं करा. कॉमन रॅगवर्टमध्ये मागे लांब हिरव्या छदांची (म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेल्या बारीक पानांसारख्या पट्ट्यांची) एक रांग असते आणि तिच्या बुडाशी बाहेरून अगदी थोडी, तोकडी छदं चिकटलेली. होरी रॅगवर्टमध्ये हीच बाहेरची छदं चांगली लांब, आतल्यांच्या जवळपास निम्म्यापर्यंत पोचतात. आणि ऑक्सफर्ड रॅगवर्ट बघाल तर बाहेरची छदं संख्येनं जास्त आणि त्यांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळीभोर. कॉमनचीही टोकं काळपट असतात म्हणून गोंधळ होतो, पण भिंगाखाली दोन्ही शेजारी धरली की शंका राहत नाही. मला तर ही काळी टोकं बघायला इतकं आवडतं की रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट बघताना पण भिंग बाहेर काढते, कारण ऑक्सफर्ड रॅगवर्ट सापडतं तेच मुळी रुळांच्या खडीत आणि जुन्या भिंतींवर. त्याचे पूर्वज सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवरचे, दोन जातींच्या संकरातून आलेलं हे झाड ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमध्ये वाढवलं, तिथून अठराव्या शतकाच्या शेवटी ते भिंतींवर पसरलं आणि पुढे रेल्वे आल्यावर रुळांच्या कडेकडेनं देशभर गेलं. लाव्हाच्या चुऱ्यावर वाढणाऱ्याला रुळांमधली खडी मानवणारच की.

बियांसाठी मात्र थोडा उशिराचा सीझन लागतो. म्हातारी सुटायला लागली की एका फुलातली मधली एक बी आणि कडेच्या पाकळीखालची एक बी घ्या, तळहातावर ठेवा आणि भिंग लावा. कॉमनमध्ये मधल्या बीवर बारीक केस असतात आणि कडेची गुळगुळीत, होरीमध्ये दोन्ही केसाळ, मार्श रॅगवर्टमध्ये दोन्ही जवळजवळ गुळगुळीत. हे केस १० पटीत स्पष्ट दिसतात. होरीचं पान पण उलटं करून बघा, खालून राखाडी लव असते.

हे एवढं कशाला, असं कोणी विचारेल. तर १९५९च्या वीड्स अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे त्रासदायक तणांबद्दलच्या इथल्या कायद्यात, जे रॅगवर्ट आहे ते फक्त कॉमन, बाकीची नाहीत. घोड्यांच्या आणि गुरांच्या लिव्हरला ते घातक असतं, वाळलेल्या गवतात गेलं तरी विष तसंच राहतं, त्यामुळे कुरणातून ते काढतात ते बरोबरच आहे. पण त्या नादात सगळीच पिवळी फुलं सरसकट उपटली जातात हे बघून जीव तुटतो. सिनाबार पतंगाच्या त्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या मुख्यतः रॅगवर्टवरच तर वाढतात.

आता भिंगाच्या कटकटी. भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि फूल जवळ आणायचं, दोन-अडीच सेंटिमीटरवर फोकस होतो, सवय होईपर्यंत हात हलतो आणि वारा असला की वैताग येतो. लाइट नाही, त्यामुळे ढगाळ दिवशी झाडाखाली बघायला त्रास होतो. दोरी सोबत आली नाही, ती वेगळी घ्या आणि गळ्यातच घाला, गवतात पडलं तर सापडत नाही. आणि मार्श व कॉमनचा संकर होतो, तो समोर आला तर भिंगानं निकाल लागेलच असं नाही, तिथे पानं, जागा सगळं मिळून बघावं लागतं.

२० पटीचं घेऊ का असं मैत्रीण विचारत होती, तिला नको म्हटलं. त्यात फूल अगदी नाकाशी आणावं लागतं, दिसतो तेवढासा तुकडा आणि तोही अंधारा. ऑनलाइन "३० पट, २१ मिमी" लिहिलेली स्वस्त भिंगं दिसतात त्यांच्या नादी तर लागूच नका, एवढ्या मोठ्या काचेत ३० पट बसतच नाही, त्यातली बरीचशी प्रत्यक्षात १०च्या आसपासच निघतात. १० पट, ट्रिपलेट, १८ ते २१ मिमी काच एवढं बघून घ्या. सप्टेंबरमध्ये कासला वगैरे जाणार असाल तर तिकडेही न्या, सोनकी न तोडता नुसतं खाली वाकून बघता येते. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा दोरीचा कापला.