न्यूट्रल मास्क: प्लॅस्टिक, कागद की चामडं?

कायिक अभिनयाच्या वर्गासाठी न्यूट्रल मास्क, म्हणजे स्वतःचा भाव नसलेला मुखवटा, मागवायला गेलं की साधारण तीन प्रकार समोर येतात: साच्यावर ओढून काढलेला पांढऱ्या प्लॅस्टिकचा, कागदाचे थर चढवून केलेला आणि चामड्याचा. आमचा कौल आधीच सांगून टाकतो. गटासाठी कागदी घ्या, एकट्याने वर्षानुवर्षं सराव करायचा असेल तर चामड्याचा. प्लॅस्टिकचा घ्यायचाच असेल तर त्यावर अख्खी दुपार घालवायची तयारी ठेवा.

या मास्कचं काम एकच, चेहऱ्याला रजा देणं. भरतमुनींनी सांगितलेली सहा उपांगं, म्हणजे डोळे, भुवया, नाक, गाल, ओठ आणि हनुवटी, तो एका फटक्यात झाकून टाकतो. मग सगळा भार अंगांवर येतो: डोकं, हात, छाती, कुशी, कंबर, पाय. एरवी चेहरा जे सांभाळून नेतो ते उघडं पडतं. एकाच पायावर टाकलेलं वजन, कानाकडे चढलेले खांदे, मांडीवर उगाच चाळा करणारी बोटं, सगळं दिसायला लागतं. म्हणून मास्कवर स्वतःचा असा भाव नको, पण तो प्रेताच्या चेहऱ्यासारखाही नको. बाजारातले बरेच मास्क इथेच आपटी खातात. ओठ घट्ट मिटलेले, पापण्या जड, गाल सपाट. असा मास्क घालून नट नुसता उभा राहिला तरी बघणाऱ्याला तो दुःखी किंवा रागावलेला वाटतो, आणि पुढचा सगळा सराव त्या रागाशी झगडण्यात जातो.

फ्रेंच दिग्दर्शक जाक कोपो यांनी 1920च्या दशकात पॅरिसमध्ये नटांचे चेहरे झाकून शिकवायला सुरुवात केली. पुढे फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉक यांनी इटलीतल्या पादुआचे शिल्पकार आम्लेतो सार्तोरी यांच्यासोबत आज ओळखीचा असलेला चामड्याचा न्यूट्रल मास्क घडवला. लकॉक यांची शाळा 1956मध्ये पॅरिसला सुरू झाली आणि तिथून तो जगभर गेला. या मास्कचे दोन गुण खरेदी करताना लक्षात ठेवावेत. तो चेहऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो आणि चेहऱ्याला चिकटून बसत नाही. मास्क अगदी मापात बसला की तो चेहऱ्याला लावलेला लेप वाटतो. थोडं अंतर राहिलं की त्याला स्वतःचं अस्तित्व येतं, आणि श्वासालाही वाट मिळते.

मास्क हातात आला की तो दुसऱ्या कुणाला तरी घालायला लावा आणि पाच-सहा मीटरवरून बघा. उजेड समोरून नको, एका बाजूने आणि थोडा वरून हवा. मग हळूहळू हनुवटी वर, मग खाली. चांगल्या मास्कवर या दोन हालचालींत भाव पालटल्याचा भास होतो: वर उचलला की उजळतो, खाली झुकवला की झाकोळतो. जपानी नोह रंगभूमीवर मुखवट्याचा खेळ याच कलण्यावर चालतो. कपाळ, भुवईचं हाड आणि गाल यांचे उंचवटे नीट कोरलेले असतील तरच सावली सरकते. उथळ साच्याच्या मास्कवर काहीच सरकत नाही. असा मास्क स्वस्तात मिळाला तरी परत करावा, कारण ही खोट रंगाने झाकत नाही.

प्लॅस्टिकची मोठी अडचण म्हणजे चकाकी. दिव्याखाली कपाळ आणि नाकाचा शेंडा चमकतात, बाकीचे तपशील विरून जातात. उपाय सोपा आहे. आधी 220 आणि मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, प्रायमरचा एक हात द्या, त्यावर मातकट किंवा फिकट तपकिरी मॅट अॅक्रिलिकचे दोन-तीन पातळ हात. पांढराच ठेवलात तर तो भुतासारखा दिसतो, आणि प्रेक्षक देह बघायचं सोडून रंगच बघत बसतात. रंग एकदम जाड लावला तर कडांवर पोपडे निघतात. कडा धारदार असतात, त्यावर कापडी टेप फिरवून घ्या. एवढं करूनही आत घाम साठतो आणि हनुवटीवरून टपकतो. त्याला इलाज नाही, सत्रच लहान ठेवायचं.

कागदी मास्क हलका असतो, आवाज करत नाही आणि घरच्या घरी दुरुस्त होतो. पाच ते सहा थर पुरतात. दोन थरांनंतर पूर्ण वाळू न देता पुढचे थर चढवलेले असतील तर मास्क मुरडतो आणि एक डोळा वर जातो. सपाट टेबलावर ठेवून कड सगळीकडे सारखी टेकते का ते पाहिलं की हे लगेच कळतं. आतली बाजू हात लावून तपासा. खरखरीत आणि कोरी लागली तर तिला सीलर, म्हणजे ओल आत मुरू न देणारा लेप, दिलेला नाही. घामाने कपाळाचा भाग मऊ पडतो आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याशी चीर जाते. आतून पॉलिशचे दोन हात दिले की हा त्रास बराच कमी होतो. इलॅस्टिकची भोकंही बऱ्याचदा फाटतात, म्हणून तिथे आतून कापडाची चकती चिकटवलेली असावी.

चामड्याला मात्र तोड नाही, निदान घालणाऱ्याच्या बाजूने. वनस्पतीजन्य पदार्थांनी कमावलेलं चामडं ओलं करून लाकडी साच्यावर ठोकून बसवतात. ते घाम थोडा शोषतं आणि वापरता वापरता अंगवळणी पडतं. मात्र तोच मास्क दहा जणांनी फिरवून घालायचा असेल तर चामडं अडचणीचं होतं, कारण ते धुता येत नाही. प्रत्येकाने कपाळावर स्वतःची सुती पट्टी बांधावी आणि वापरानंतर आतून कोरड्या फडक्याने पुसून सावलीत, हवेशीर जागी ठेवावा. उन्हात वाळवलेलं चामडं आक्रसतं, आणि एकदा आक्रसलं की माप गेलं.

बांधणीकडे विक्रेते हमखास दुर्लक्ष करतात. सोबत येतं ते बारीक गोल इलॅस्टिक काढून टाका आणि दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी लावा. ती कानाच्या किंचित वरून गेली पाहिजे. खालून गेली तर मास्क नाकावर सरकतो आणि दृष्टी निम्मी होते. आतून कपाळाला आणि गालाच्या हाडांवर आठ-दहा मिलिमीटर जाडीचा, पाणी न शोषणारा फोम चिकटवा. चष्मा आत मावत नाही, मावला तरी वाफ धरतो.

डोळ्यांच्या भोकांवरून दुकानदाराशी वाद होतोच. ‘नीट दिसत नाही’ ही तक्रार ऐकून काही जण भोकं ऐसपैस कापून देतात. मग आतली बुबुळं फिरताना दिसतात आणि मास्क फुकट जातो. भोक लहान असणं हा दोष नाही. डावीकडून आवाज आला, नटाने नुसते डोळे वळवले, तर प्रेक्षकाला काहीच कळत नाही. त्याला नाकासकट अख्खा मास्क वळवावा लागतो, मागोमाग मान येते, मग छाती. ‘त्याने ऐकलं’ हे शेवटच्या रांगेत पोचतं ते या क्रमाने. भोक मोठं केलं की नट ही मेहनत टाळतो. अर्थात पायाखालचं काहीच दिसत नसेल तर ते धोक्याचं आहे. सरळ उभं राहून साधारण दोन मीटरवरची जमीन दिसावी, एवढं पुरे.

वापराचे नियम आखडू वाटतात, पण त्यांना कारण आहे. प्रेक्षकांकडे पाठ करून घालायचा, म्हणजे बांधाबांध दिसत नाही. घातल्यावर हात मास्कला लावायचा नाही, कारण बोट टेकलं की तो चेहरा न राहता वस्तू होतो. बोलायचं नाही, जबडा हलला की मास्क उडतो. नाकाला धरून उचलायचा नाही, कडेला धरायचा. सुरुवातीला दहा मिनिटांपुढे जाऊ नका. श्वास कोंडला की खांदे चढतात, आणि बघणारा त्यालाच भीती समजतो.

गटासाठी मागवताना एकच माप घेऊ नका. पाच मास्क घेत असाल तर तीन मध्यम, एक लहान आणि एक मोठा असे घ्या. रुंद जबड्याच्या माणसाला मध्यम मास्क घातला की कडेने गाल बाहेर डोकावतात आणि एकाच माणसाला दोन चेहरे असल्यासारखं दिसतं.