नव्या बॉक्समधला भंगारातला ब्रेक बूस्टर, पुण्यात स्पेअर घेणाऱ्यांनी वाचा

ज्यांची गाडी जुनी आहे आणि जे तिचं काम घरीच करतात त्यांनी हे नक्की वाचा, विषय ब्रेकचा आहे.

आमच्या पेट्रोल हॅचबॅकचं ब्रेक पेडल दगडासारखं कडक झालं होतं, म्हणून संशय ब्रेक बूस्टरवर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावर. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारायचं, मग दाबून धरून स्टार्टर मारायचा, बूस्टर चांगला असेल तर पेडल थोडं खाली जातं. आमचं हललंच नाही. इंजिनच्या मॅनिफोल्डकडून (हवा आत घेणाऱ्या नळ्यांकडून) येणारा व्हॅक्यूम पाइप आणि त्यातला नॉन-रिटर्न (एकाच दिशेने हवा सोडणारा) व्हॉल्व्ह आधी बघितला, दोन्ही ओके, म्हणजे बूस्टरच गेलेला.

नाना पेठेतल्या एका दुकानातून नवीन घेतला. सीलबंद बॉक्स, एमआरपीचं स्टिकर, आत काळा चकचकीत बूस्टर. "ओरिजिनल आहे दादा, डोळे झाकून लावा." बूस्टरच्या पुढे बसलेल्या मास्टर सिलिंडरचे (ब्रेक फ्लुइड ढकलणारा पार्ट) नट काढून पाइप न खोलता तो पुढे ओढला, मग डॅशबोर्डखाली डोकं घालून फायरवॉलचे (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) चार नट आणि पेडलची पिन, पाठीचं पार भजं झालं, आणि एवढं करून गाडी चालू केली तर पेडल तसंच कडक, वर पायाजवळून सूं सूं हवा खेचल्याचा आवाज!

परत काढला. कपड्याला थिनर लावून घासलं तर काळा रंग सुटला आणि खाली गंज. बोल्टच्या आट्यांत रंग भरलेला, आधीच्या नटांचे गोल वळ स्पष्ट दिसत होते, पुढच्या भोकातून ब्रेक फ्लुइडचा वास, म्हणजे कुठल्यातरी गाडीचा मास्टर सिलिंडर गळून फ्लुइड आत उतरलेलं. पार्ट नंबर तर घासूनच टाकलेला.

पैशाचं एकवेळ सोडा, ही गाडी माझे बाबा चालवतात. बूस्टर गेला तरी ब्रेक लागतो पण पायाला कितीतरी जास्त जोर द्यावा लागतो, वयस्कर माणसाने दिवे घाट उतरताना काय करायचं? रंग मारून हा माल विकणाऱ्याला हे माहीत नसतं असं मला अजिबात वाटत नाही, स्पेअरच्याच धंद्यात आहे तो.

दुकानदार म्हणाला लावलेला माल परत होत नाही, तुम्हीच फिटिंगमध्ये खराब केला. चिठ्ठीवर नुसतं 'स्पेअर' लिहिलंय पण पैसे यूपीआयने गेलेत, तो पुरावा आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय. तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही.

तुम्ही घेताना काउंटरवरच बॉक्स उघडा आणि मोबाईलवर शूट करा. बॉक्सवरचा पार्ट नंबर बूस्टरवर आहे का बघा, आट्यांवर किंवा रबरावर रंग लागलाय का बघा, पुढच्या भोकाचा वास घ्या. पक्क्या बिलावर गाडीचं मॉडेल आणि पार्ट नंबर लिहून मागा, नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. माझे पैसे अजून आलेले नाहीत, काही झालं तर इथेच कळवतो.