दहा महिने, ३,४०० किलोमीटर आणि सीटचा अडकलेला दांडा

मागच्या ऑगस्टमध्ये घेतलेल्या माझ्या टूरिंग सायकलचा, म्हणजे सामान लादून लांबच्या प्रवासाला न्यायच्या सायकलचा मीटर परवा ३,४०० ला पोचला. स्टीलची फ्रेम, ३५ मिलिमीटरचे टायर, केबलवाले डिस्क ब्रेक, मागे कॅरिअर. किंमत पडली ३८,०००. यातले बरेचसे किलोमीटर साताऱ्यातलेच, म्हणजे रविवारी कास, कधी ठोसेघर, आणि रोजचं पोवई नाका ते ऑफिस. पण ही सायकल ज्यासाठी घेतली ते काम तिने डिसेंबरात केलं. कोयनानगरवरून कुंभार्ली घाटाने चिपळूण, तिथून गुहागर, आणि मग सागरी महामार्गाने खाली वेंगुर्ल्यापर्यंत. नऊ दिवस, पाचशेला थोडे कमी किलोमीटर, एकटीने.

जो तो आधी गिअरचंच विचारतो. यवतेश्वरचा चढ दारात असल्यावर दुसरं काय विचारणार! तर पुढे ४८, ३६ आणि २६ दात्यांची तीन चक्रं, मागे ११ ते ३२ दात्यांच्या आठ चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट. सगळ्यात हलक्या गिअरला पेडलचा एक फेरा पुरा केला तरी मागचं चाक एक फेरा पुरा करत नाही. सामान लादूनही बसल्या बसल्या चढता येतं. गिअरचा विषय माझ्यापुरता इथेच संपला.

खरा हिशेब चुकला तो किनाऱ्याबद्दल. आम्हा घाटावरच्यांना वाटतं, कुंभार्ली उतरलं की संपलं, पुढे समुद्राच्या कडेने सपाट रस्ता. तसं काही नाही. जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे वरच्या सपाट कातळावरून, रस्ता भसकन खाडीवर उतरतो, पूल ओलांडला की लगेच तेवढाच वर चढतो, आणि थोड्या वेळाने पुढची खाडी येते. कासला तासभर एका लयीत चढत राहणं वेगळं आणि दिवसातून सात-आठ वेळा असं उभं चढणं वेगळं. तवसाळ ते जयगड फेरीबोटीत बसले तेव्हा शास्त्री नदीचं मुख बघायचं सोडून मी पाय लांब करून डोळे मिटून घेतले होते. बोटीवरच्या एक आजी म्हणाल्या, "एकट्याच? घरी सांगून आलात ना?"

या उतारांनी ब्रेकची परीक्षा घेतली. डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या मधल्या चकतीला दोन बाजूंनी पॅड दाबतात. माझ्या केबलवाल्या डिस्कमध्ये एकाच बाजूचा, बाहेरचा पॅड हलतो, आतला जागेवर असतो. पॅड झिजले की नुसती केबल ताणून भागत नाही, आतला पॅडही अॅलन कीने थोडा पुढे घ्यावा लागतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आरे-वारेच्या उतारावर लिव्हर जवळजवळ हँडलला टेकली तेव्हा घशाला कोरड पडली. त्या रात्री रत्नागिरीच्या लॉजवर, बाथरूमच्या दिव्याखाली बसून शिकले. पॅडचा एक जादा जोड न्याच. मी नेला होता, पुढे मालवणात लागला.

आता मुख्य तक्रार. मागचं चाक.

पूर्णगडचा पूल ओलांडून जैतापूरकडे जाताना मागून 'टण्ण' असा आवाज आला आणि मडगार्ड चाकाला घासायला लागलं. चाकाची एक तार तुटली होती, तीही चेनच्या बाजूची, चाकाच्या मधल्या हबपाशी वाकते तिथून. मागच्या चाकात त्या बाजूच्या तारांवर ताण मुळातच जास्त असतो, त्यात माझं अकरा किलो सामान सगळं मागच्या कॅरिअरवर. ही माझी चूक. पण नव्या चाकाच्या तारा पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा तपासून सारख्या ताणून घ्यायच्या असतात, हे ज्या दुकानातून सायकल घेतली त्यांनी सांगायला हवं होतं. "टूरिंगला घेताय ना मॅडम, बिनधास्त जा," एवढंच ऐकलं होतं.

पुढच्या गावात एक छोटं दुकान सापडलं. त्या दादांनी चाक फिरवून पाहिलं. "ताई, ही तार बदलायची तर कॅसेट काढायला लागेल. तो पाना माझ्याकडे नाही." मग सायकल उलटी केली, अंगठा मडगार्डवर टेकवून नख रिमपाशी धरलं आणि चाक हळूहळू फिरवत आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला बसले. तुटलेल्या तारेच्या शेजारच्या, डाव्या अंगाच्या दोन तारा अर्धा अर्धा आटा सैल केल्या, पुन्हा फिरवलं, पुन्हा पाव आटा. वीस मिनिटांत नख सगळीकडे सारखं घासायला लागलं. वीस रुपये घेतले. डिस्क ब्रेक होते म्हणून निभावलं. रिमवर धरणारे ब्रेक असते तर थोडा उरलेला आऊटही घासत राहिला असता. पाण्याच्या बाटल्या आणि हत्यारं पुढे हँडलला बांधली आणि एक तार कमी असलेल्या चाकावर विजयदुर्ग, देवगड करत तशीच मालवणपर्यंत गेले. आता सामानात मापाच्या चार तारा आणि कॅसेटचा पाना असतो.

व्हॉल्वचंही सांगते. या सायकलला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व आहे आणि वाटेतल्या पंक्चरवाल्यांचे पंप त्याला बसत नाहीत. पितळी अडॅप्टर मिळतो, सुपारीपेक्षा लहान. दोन घ्या. माझा एक गुहागरच्या वाळूत गेला.

सीट उत्तम आहे. पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला दोन्ही बाजूंना लटकवायच्या बॅगा, पावसाळ्यात पाझरतात, त्यामुळे आत प्लॅस्टिकची पिशवी लागतेच.

आणि समुद्र. परत आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुतली, चेनला तेल घातलं आणि समजले की झालं. मार्चमध्ये भाचा आला, त्याच्यासाठी सीट खाली घ्यायला गेले तर दांडा हलेना. फ्रेम स्टीलची, दांडा अॅल्युमिनियमचा आणि मध्ये नऊ दिवसांची खारट ओल. दोन वेगळे धातू असे भेटले की एक दुसऱ्याला खातो आणि जागच्या जागी धरून ठेवतो. आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या काकांनी गंज सोडवायचं तेल दोन दिवस मुरू दिलं. तिसऱ्या दिवशी सीट दोन्ही हातांनी धरून हँडलसारखी डावी-उजवी पिळत दांडा इंच-इंच वर काढला. खालच्या अर्ध्या भागावर पांढरी, चुन्यासारखी पूड. काका म्हणाले, "अजून एक पावसाळा गेला असता तर करवतच लावायला लागली असती." निघण्याआधी त्या दांड्याला बोटभर ग्रीस लावलं असतं तर हे झालंच नसतं. बाटलीच्या स्टँडचे स्क्रू मात्र गंजून गेलेच, ते बदलले.

याच पैशात हलक्या अॅल्युमिनियमच्या हायब्रिड मिळतात. शहरात फिरायला आणि कासला जाऊन यायला त्या बऱ्या. सामान बांधून चार-आठ दिवस बाहेर राहायचं असेल तर मी हीच घेईन, फक्त घेतल्या दिवशी मागचं चाक काकांकडे नेऊन तारा ताणून घेईन. नवं ३६ तारांचं चाक सध्या त्यांच्याकडेच बांधायला टाकलंय. आत्ताचं ३२ चं आहे. पुढच्या डिसेंबरात दाभोळपासून वर, बाणकोटच्या खाडीपलीकडचा तुकडा करायचाय.