परसदारी झाकणाची शेगडी: चौदा पाहुणे, छत्तीस बाफले

दहा-पंधरा माणसांना बोलावून मागच्या अंगणात स्वयंपाक करायचा ठरवला, की घरातले एक माणूस हमखास शेगडीपाशी अडकून पडते. आमच्याकडे ते माणूस बहुतेक वेळा मीच असते. गेल्या वर्षीपर्यंत आमच्याकडे पत्र्याची उघडी, लांबट शेगडी होती. तिच्यावर कणसे आणि वांगी छान भाजली जात, पण सतत पंखा हलवावा लागे, तेल ठिबकले की भडका उडे, आणि मैत्रिणी आंब्याखाली गप्पा मारत बसलेल्या असताना मी धुराने चुरचुरणारे डोळे पुसत उभी असे. म्हणून या वेळी झाकणाची गोल शेगडी घेतली, तेव्हा तिच्याकडून माझी अपेक्षा एकच होती: चौदा माणसांचे जेवण तिच्यावर व्हावे आणि मला त्या चौदा जणांत बसता यावे. होळी होऊन गेलेली आणि रंगपंचमी यायची, अशा मधल्या रविवारी ती पहिल्यांदा मोठ्या कामाला लावली. त्या संध्याकाळवरून आणि त्यानंतरच्या दोन लहान खेपांवरून हे लिहीत आहे.

शेगडी म्हणजे तीन पायांवर ठेवलेली एक मोठी कढई आणि तिच्यावर तेवढेच खोल, घुमटासारखे झाकण. तळाला हवेची झडप, झाकणाला दुसरी झडप, आत कोळशाची एक जाळी आणि वर अन्नाची 57 सेंटिमीटर व्यासाची दुसरी जाळी. ही घडण मुळात अमेरिकेतली. 1952 साली शिकागोच्या एका धातुकाम कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे दोन भाग करून पहिली अशी शेगडी बनवली, कारण उघड्या शेगडीवर वाऱ्याने उडणारी राख आणि भडकणारा जाळ यांना ते कंटाळले होते. माझे गाऱ्हाणे त्याहून वेगळे नव्हते. फाल्गुनात आमच्या परसात दुपारनंतर वारा सुटतो, मोहर आणि कडुनिंबाची पिवळी पाने सगळीकडे उडत असतात, आणि उघड्या निखाऱ्यांवर त्यातले बरेचसे येऊन पडते. झाकणाने हा त्रास पूर्ण संपला.

पेटवण्याची पद्धत मात्र शिकावी लागते आणि तिथे घाई चालत नाही. शेगडीसोबत पत्र्याचे एक नळकांडे येते. त्याच्या खालच्या कप्प्यात वर्तमानपत्राचे दोन कागद चुरगळून घालायचे, वर कोळसा भरायचा आणि कागद पेटवायचे. हवा खालून वर खेचली जाते आणि वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या कोळशावर राखाडी साय धरते. ती धरल्याशिवाय कोळसा शेगडीत ओतू नये, कारण अर्धवट पेटलेला कोळसा धुरतो आणि त्याचा कडवट वास अन्नाला लागतो. रॉकेल ओतून वेळ वाचवण्याचा मोहही टाळावा. झाकण लावले की तो वास आतच कोंडतो. कोळसा लाकडी, म्हणजे आपला लोणारी कोळसाच हवा. वखारीत मागताना तसे स्पष्ट सांगावे, दगडी कोळसा अन्नाखाली वापरण्याजोगा नसतो. त्या दिवशी मला सुरुवातीला दोन किलो आणि नंतर आणखी एक किलो कोळसा लागला.

खरी परीक्षा बाफल्यांची, म्हणजे डाळीसोबत खायच्या कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांची होती. इंदुरात मित्रमंडळी परसात जेवायला यायची आणि दाल-बाफले नाहीत, हे आमच्या सासूबाईंना पटण्यासारखे नाही. त्यांनी आयुष्यभर बाफले गोवऱ्यांच्या आरावर भाजले आहेत आणि नव्या शेगडीविषयी त्यांचे मत आधीपासून ठरलेले होते. कणीक त्यांच्याच प्रमाणाची होती: जाडसर दळलेले गहू, त्यात थोडे मक्याचे पीठ, ओवा, हळद, दही आणि तुपाचे सढळ मोहन. बाटी आणि बाफला यांत फरक असतो तो उकळण्याचा. बाटीचा गोळा थेट भाजतात, बाफला आधी उकळत्या पाण्यात सोडतात आणि तो फुगून वर तरंगू लागला की काढून कापडावर कोरडा करतात. उकळल्यामुळे आतले पीठ शिजलेले असते. भाजताना फक्त वरचे कवच खरपूस व्हायचे असते आणि आतला ओलावा हळूहळू निघायचा असतो. त्याला मोठा जाळ नको, चारही बाजूंनी सारखी लागणारी मध्यम आच हवी. उघड्या शेगडीवर ती मिळत नाही. तिथे बाफल्याचा खालचा गाल करपतो आणि वरचा ओला राहतो.

म्हणून मी सगळे निखारे अर्ध्या भागात रचले आणि उरलेला अर्धा भाग मोकळा ठेवला. मोकळ्या भागावर अठरा बाफले मांडून झाकण लावले, ते अशा बेताने की झाकणाची झडप बाफल्यांच्या वर येईल. तळातून शिरलेली हवा निखाऱ्यांवर तापते, घुमटाखालून फिरते आणि अन्नावरून जाऊन वरच्या झडपेतून बाहेर पडते. झडप निखाऱ्यांच्या वर ठेवली, तर हवा अन्नापर्यंत न जाता सरळ निघून जाते. सूचनापुस्तिकेत ही गोष्ट कुठेही लिहिलेली नाही. तळाची झडप अर्धी उघडी ठेवली आणि मी उठून माणसांत जाऊन बसले. सासूबाई मात्र शेगडीपाशीच खुर्ची टाकून होत्या. पाच मिनिटांनी त्यांनी विचारले, "अगं, धूर कुठाय? विझली की काय?" मी म्हटले, "नाही आई, झाकण उघडू नका, ऊब जाईल."

वीस मिनिटांनी एकदाच झाकण काढून बाफले उलटले आणि निखाऱ्यांजवळचे बाहेरच्या कडेला, बाहेरचे आत असे फिरवले. चाळीस मिनिटांनी सासूबाईंनी एक बाफला हातातल्या फडक्यात धरून दाबला. त्याला मधोमध तडा गेला, आतून वाफ आली आणि दाणेदार, कोरडा गाभा दिसला. बोटाला पीठ चिकटले नाही. त्यांनी काही न बोलता तो तुपाच्या पातेल्यात सोडला आणि पुढचा उचलला. दुसऱ्या अठरा बाफल्यांसाठी त्यांनी स्वतःच नळकांड्यात कोळसा भरायला सांगितला. गोवरीच्या आराचा म्हणून जो एक वास बाफल्याला येतो तो इथे येत नाही, हे त्यांनी जेवताना सांगितले आणि ते खरे आहे. ज्यांना तो वासच हवा असेल, त्यांना ही शेगडी त्या बाबतीत कमी पडेल.

बाकीचे पदार्थ सोपे होते. वांगी आणि बटाटे थेट निखाऱ्यांवरच्या भागात, कणसेही तिथेच, आणि ती भाजल्यावर वरून लिंबू व जिरावन मसाला. पनीर मात्र दोन्ही भागांच्या सीमेवर चांगले होते, कारण थेट आचेवर ते आक्रसून रबरासारखे लागते. आमच्या मंडळींत निम्मे शाकाहारी आहेत, त्यामुळे कोंबडी सगळ्यात शेवटी, वेगळ्या जाळीवर आणि वेगळ्या चिमट्याने केली, आणि हे आधीच सर्वांना सांगून ठेवले होते. तिचे तुकडे आधी निखाऱ्यांवर रंगवून मग मोकळ्या बाजूला सरकवले आणि झाकण लावून शिजू दिले. सुई टोचून पाहायचा तापमापक असेल तर मांसाच्या सर्वांत जाड भागात 74 अंश सेल्सिअस दिसल्याखेरीज उतरवू नये. वरचा रंग पाहून अंदाज केला, तर हाडाजवळ कच्चे राहण्याची भीती असते.

आता दोष. झाकणावर बसवलेल्या तापमापकावर विसंबू नये. तो 210 अंश दाखवत असताना मी जाळीवर ठेवलेला साधा ओव्हनचा तापमापक 175 दाखवत होता. मोजमाप घुमटाच्या उंचीवर होते आणि बाफले असतात खाली, हे त्याचे कारण असावे, पण पुस्तिकेत निदान तसा इशारा असायला हवा होता. बाजूला ताट ठेवायला फळी नाही, त्यामुळे एक स्टूल जवळ लागतेच. राख गोळा होणारी खालची थाळी उथळ आणि उघडी आहे. दुसऱ्या खेपेचा कोळसा घातल्यावर वाऱ्याने तिच्यातून एक ठिणगी उडून गवतावर पडली. तेव्हापासून शेगडी फरशीवरच ठेवते आणि पाण्याची बादली जवळ असते. चौदा माणसांना ही शेगडी पुरली ती दोन खेपांमुळे. एकाच खेपेत सर्वांना गरम वाढायचे असेल, तर आठ-नऊ जणांपुरतीच ती आहे असे धरावे.

विक्रेत्याच्या सेवेविषयी मला खेद वाटला. खोके उघडले तेव्हा एका पायाचे दोन बोल्ट नव्हते. फोन केला, छायाचित्र पाठवले, पुन्हा फोन केला, तरी ते यायला नऊ दिवस लागले, आणि तेही आले ते चुकीच्या लांबीचे. शेवटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून वीस रुपयांत काम झाले. नऊ हजार चारशे रुपये घेतल्यावर एवढी तपासणी खोके बंद करण्यापूर्वी व्हायलाच हवी. पाहुण्यांना बोलावण्याच्या किमान दोन आठवडे आधी शेगडी मागवून, जोडून, एकदा रिकामी तापवून पाहावी असे मी आग्रहाने सांगेन.

रात्री नऊनंतर हवा चांगलीच गार झाली. माळव्यातल्या रात्रींची ख्याती उगाच नाही. दुपारी बत्तीस-तेहतीस अंशांत घामाघूम झालेली माणसे शाली मागू लागली. एका मित्राने शेगडी उचलून बंद व्हरांड्यात घेऊया असे सुचवले, तेव्हा मी ठाम नकार दिला. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघत असतो, त्याला वास नसतो, आणि बंद जागेत तो जीव घेऊ शकतो. आम्ही खुर्च्याच शेगडीभोवती ओढल्या आणि झाकण काढून निखाऱ्यांची ऊब घेत बसलो. साडेदहापर्यंत मी उठले ती फक्त एकदा, जिलबीचे खोके आणायला.

मंडळी गेल्यावर झाकण लावून दोन्ही झडपा बंद केल्या. हवा तोडली की कोळसा पाण्याशिवाय विझतो. पाणी ओतले तर राखेचा चिखल होतो आणि तापलेल्या मुलाम्याला तडे जाऊ शकतात. सकाळी झाकण काढले तेव्हा राखेखाली जवळजवळ अर्धा किलो चांगला कोळसा शिल्लक होता, तो पुढच्या रविवारी कणसांना पुरला. राख मात्र आत हात घालून लगेच उपसू नये, तिच्यात दुसऱ्या दिवशीही धग असू शकते. मी ती पत्र्याच्या डब्यात भरून चोवीस तास ठेवली. जाळी धुऊन तशीच बाहेर राहिली, तर दोन दिवसांत तिच्यावर गंज धरतो. आता शेगडी गरम असतानाच जाळी अर्धा कापलेला कांदा काट्याला टोचून घासते, वर तेलाचे बोट फिरवते आणि शेगडी निवल्यावर घरात आणून ठेवते.