अर्ध्या गतीने कोरलेली 'बोहेमियन रॅप्सडी' : क्वीनच्या एलपीचे परीक्षण

क्वीन या ब्रिटिश बँडचा 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' हा अल्बम नोव्हेंबर १९७५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. येथे परीक्षण आहे ते त्याच्या २०१५ च्या एलपी आवृत्तीचे. बॉब लुडविग यांनी तिचे मास्टरिंग, म्हणजे अंतिम ध्वनिसंस्करण, केले असून लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत माइल्स शोवेल यांनी ती अर्ध्या गतीने कोरली आहे. या पद्धतीत मूळ ध्वनी आणि कोरले जाणारे लॅकर (लेप दिलेली मूळ तबकडी) ही दोन्ही निम्म्या वेगाने फिरवतात, त्यामुळे कोरणाऱ्या सुईला बारीक तपशिलासाठी दुप्पट वेळ मिळतो. बहुतेक ग्राहक ही रेकॉर्ड 'बोहेमियन रॅप्सडी' या एकाच गाण्यासाठी घेतात. ते गाणे दुसऱ्या बाजूला, अगदी आतल्या टोकाकडे आहे, ही गोष्ट खरेदीपूर्वीच लक्षात घेतलेली बरी.

'बोहेमियन रॅप्सडी'चे ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधील मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झाले आणि पुढे ते लंडनच्या अनेक स्टुडिओंत फिरत राहिले. निर्माते रॉय थॉमस बेकर आणि बँड यांनी गाण्याचे भाग वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून टेप कापून जोडले. गाण्याच्या मधल्या, ऑपेराच्या ढंगाच्या भागासाठी आधी थोडीच टेप मोकळी सोडली होती, पण बँडचे मुख्य गायक आणि या गाण्याचे कर्ते फ्रेडी मर्क्युरी रोज नवा तुकडा घेऊन येत आणि ती जागा वाढत जाई. तेव्हाच्या यंत्रावर चोवीस ट्रॅक, म्हणजे ध्वनीचे स्वतंत्र पट्टे, होते. मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे तिघेच गायक होते, तरी त्यांना समूहगानाचा भरणा हवा होता. म्हणून तिघांनी तेच स्वर पुन्हा पुन्हा गायचे, जमलेले थर एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर नवे थर चढवायचे, असे दिवसाला दहा-बारा तास चालले. यंत्राच्या हेडवरून इतक्या वेळा घासत गेलेल्या टेपवरचा लेप झिजला आणि ती उजेडात धरली की आरपार दिसू लागली, असे त्यात सहभागी असलेल्यांनी सांगून ठेवले आहे.

एवढी झीज सोसलेली सामग्री या आवृत्तीत कशी उतरली आहे? सुरुवातीचा वाद्यांविना येणारा भाग तर फारच सुंदर. तो समूह वाटत असला तरी सगळे आवाज मर्क्युरी यांचेच आहेत, आणि एकाच गळ्याचे ते पदर येथे एकमेकांत विरघळूनही वेगळे ओळखता येतात. पियानोच्या स्वरांना पुरेसे वजन आहे. ऑपेराच्या भागात आवाज डावीकडून उजवीकडे उड्या घेतात तेव्हा टेलर यांचा सर्वांत वरचा सूर कानाला बोचत नाही. माझ्याकडच्या जुन्या सीडीवर तो बोचतो.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. रेकॉर्ड मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे अशा ठरलेल्या एकाच वेगाने फिरत असल्यामुळे कडेच्या खाचेतून सुईखाली सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर लांबी सरकते, तर आतल्या टोकाशी जेमतेम वीसेक. तेवढाच ध्वनी निम्म्याहून कमी जागेत दाटतो आणि उंच स्वरांना खरखर येऊ लागते. या बाजूची लांबी साडेबावीस मिनिटांच्या आसपास आहे आणि गाण्यातला सर्वांत दणकेबाज रॉकचा भाग नेमका या अरुंद पट्ट्यात पडतो. साध्या गोलाकार टोकाच्या सुईवर मला तेथे गिटारची धार फाटल्यासारखी ऐकू आली. लंबवर्तुळाकार टोकाची सुई बसवल्यावर ती बरीच सावरली. हा दोष कोरणाऱ्याचा नव्हे, गाण्यांच्या मूळ क्रमाचा आहे, आणि तो क्रम बदलावा असे मी म्हणणार नाही.

लांबीचा प्रश्न या गाण्याला जन्मापासूनच चिकटलेला आहे. आपल्याकडे नाट्यपदे तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवण्यासाठी आवळावी लागत. १९७५ च्या लंडनमध्येही रेडिओवर वाजणाऱ्या सिंगलकडून, म्हणजे सुट्या विकल्या जाणाऱ्या गाण्याकडून, साधारण तीच अपेक्षा होती. ५ मिनिटे ५५ सेकंदांचे गाणे कोण वाजवणार, हा ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा आक्षेप होता. बँड कापाकापीस तयार झाला नाही. कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट यांनी मिळालेली प्रत एकाच शनिवार-रविवारी चौदा वेळा वाजवली, आणि ३१ ऑक्टोबरला ईएमआयने संपूर्ण गाणे बाजारात आणले. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मर्क्युरी यांच्या निधनानंतर, १९९१ च्या अखेरीस, ते पुन्हा त्याच स्थानी पोहोचले. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेल्या फारुख बलसाराचे, म्हणजेच मर्क्युरी यांचे, हे गाणे, एवढा मराठी मुलखाशी त्याचा धागा. त्याहून जास्त ताणण्यात अर्थ नाही.

पांढऱ्या कव्हरवरचे बोधचिन्ह मर्क्युरी यांच्याच कल्पनेतले असून त्याची छपाई स्वच्छ आहे. ऑनलाइन मागवलेली माझी पहिली प्रत वाकलेली निघाली व विक्रेत्याने कुरकुर करत ती बदलून दिली, म्हणून शक्यतो दुकानात जाऊन तबकडी सपाट धरून पाहावी. सुई साधी असेल तर आधी ती बदलावी, मगच ही एलपी घ्यावी. दुसऱ्या प्रतीचा पृष्ठभाग इतका शांत आहे की शेवटचा घंटेचा हलका ठोका विरत जाताना पूर्ण ऐकू येतो, आणि त्यानंतरही सुईपुढे सव्वा मिनिटाचे ब्रिटिश राष्ट्रगीत शिल्लक असते.