राजापूरच्या सड्यावरची सकाळची फेरी : पैसे वसूल, पण माणसं कमी न्या

राजापूर तालुक्यातल्या एका घरगुती निवासवाल्यांनी सड्यावरची, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावरची, सकाळची फेरी सुरू केली आहे. डिसेंबरात भाचीला घेऊन गेले होते. ती नववीत आहे आणि तिला साप-पालींचं वेड आहे. माणशी ६०० रुपये, दोन-अडीच तास चालणं, परत आल्यावर घावणे आणि चहा.

आम्ही गेलो होतो एका पालीसाठी. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. घरातल्या भिंतीवरच्या पालीच्याच भावकीतली, पण ही राहते जमिनीवर, कातळावर पडलेल्या सुट्या जांभ्या दगडांखाली. दिवसभर दगडाखाली, रात्री बाहेर. १९६३ साली ब्रिटिश म्युझियमच्या ॲलिस ग्रँडिसन आणि आपल्याकडचे संशोधक सोमण यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावावरून तिची शास्त्रीय नोंद केली. आज आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ती धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे.

आम्हाला नेणारे काका गावातलेच, आयुष्य गुरांमागे सड्यावर गेलेलं. त्यांचं दगड उचलणं बघण्यासाठी तरी ही फेरी करावी. दगडाची पलीकडची कड धरून तो स्वतःकडे उचलायचा, म्हणजे खाली जे असेल ते आपल्या अंगावर न येता समोरून निघून जातं. "फुरसा असला तर त्याला पळायला वाट पायजे," एवढंच म्हणाले. फुरसा हा विषारी साप, रत्नागिरीच्या सड्यावर हे वाक्य कुणी हलक्यात घेऊ नये. बऱ्याच दगडांखाली विंचू नाहीतर नुसती ओल निघाली. एकाखाली पाल होती. करंगळीएवढी, मातकट, अंगावर फिकट पांढरे पट्टे. हलली नाही. भाचीने श्वास रोखून धरला होता. काकांनी पालीला काडीने हळूच बाजूला केलं, दगड त्याच्या जुन्या ठशात बरोबर बसवला आणि मग तिला कडेशी सोडलं. ती सरळ आत गेली. एकदा बघितलेला दगड ते महिनाभर पुन्हा उचलत नाहीत. गटातल्या एकाला ती फोटोसाठी मोकळ्या कातळावर हवी होती. काकांनी साफ नाही म्हटलं. त्याबद्दल त्यांना शंभर गुण.

माझं माहेर लांज्याचं, त्यामुळे सडा मला नवा नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, अशीच. सुरुंग लावून कातळात खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून कलमं लावायची आणि सुटे दगड वेचून भोवती गडगा घालायचा, ही आमच्याकडची रीत. हापूस आम्हीही खातो. पण गडग्यात गेलेला प्रत्येक सपाट दगड या पालीच्या डोक्यावरचं छप्पर होता, हे काकांनी बागेच्या कडेला उभं राहून दाखवलं तेव्हा मला फार लागलं. बांधकामाचे चिरे काढायच्या चिरेखाणीत तर दगडासकट कातळही जातो.

आता तक्रारी. आम्ही बाराजण होतो. एवढ्याशा पालीभोवती बारा डोकी म्हणजे मागच्यांना पाठीच दिसतात, आणि पालीलाही तो जाच. दुसरं, घोट्यावरचे बूट लागतात हे बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा. दोघी चपलांवर आल्या होत्या. त्यांना काकांनी परत पाठवलं, ते बरोबरच केलं, पण त्या मुंबईहून रात्रभर प्रवास करून आल्या होत्या. जाता जाता दाखवलेली कातळशिल्पं पाच मिनिटांत उरकली. त्यापेक्षा ती वेगळ्या दिवशी ठेवावीत. घावणे मात्र उत्तम, सोबत नारळाचा रस.

पाल दिसेलच अशी हमी हे लोक देत नाहीत, आणि देऊही नये. पाचपैकी चार तारे. सहाजण न्या आणि हजार रुपये घ्या, मी देईन. मे महिन्यात भाचीला परत यायचंय, या वेळी रात्रीच्या फेरीला. ती सुरू करणार असाल तर कळवा.