लिसनिंगचा तास कशाला द्यायचा: प्रश्नोत्तरं, डिक्टेशन की डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस?

परकीय भाषा शिकवणाऱ्या दोघातिघांनी लागोपाठ हेच विचारलं म्हणून एकदाच काय ते टाइप करून टाकते. आठवड्यात लिसनिंगला मिळतो जेमतेम एक तास, तो नेहमीसारखं ‘ऑडिओ लावा, प्रश्न सोडवा’ यात घालवायचा, डिक्टेशनला द्यायचा की ते डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस म्हणतात (बोलण्यातून माणूस काय करतोय हे बघणं) त्याच्या नादी लागायचं? मी इंग्लिश आणि जपानी शिकवते, तिन्ही करून झालंय, त्यामुळे मत थोडं एकतर्फी वाटलं तर वाटू दे.

नेहमीची पद्धत सगळ्यात सोपी. तयारी शून्य, वर्ग कितीही मोठा असला तरी चालतं, परीक्षेचा सरावही होतो. पण खरं सांगू का, यात आपण ऐकायला शिकवत नाही, नुसतं तपासतो. दहापैकी सहा बरोबर आले, आपण उरलेल्या चारची उत्तरं सांगितली, पुढचा ट्रॅक लावला. त्या चारमध्ये कानाने दगा दिला की अर्थच लागला नाही हे ना आपल्याला कळतं ना त्यांना. शिवाय हुशार मुलं प्रश्नातला शब्द ऑडिओत ऐकू आला की तोच पर्याय ठोकतात आणि नेमकी तिथेच फसतात.

डिक्टेशन म्हणजे तीन-चार सेकंदांचा तुकडा परत परत लावून जे ऐकू येतं ते लिहायचं. बिगिनर्ससाठी मला तरी याहून भारी काही सापडलेलं नाही, कारण पुस्तकात ‘गोइंग टू’ शिकलेल्या मुलाला ‘गना’ हा तोच शब्द आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. पण एका टप्प्यानंतर हेही अडकतं. शब्द न् शब्द बरोबर लिहितात आणि तरी बोलणं कळलेलं नसतं.

आमच्या वर्गात झालेलं सांगते. क्लिपमध्ये एकजण विचारतो, ‘आर यू फ्री ऑन सॅटरडे? आय नीड अ हँड विथ द मूव्ह.’ मग सेकंदभर शांतता. मग दुसरी म्हणते, ‘वेल, आय मीन, इट्स जस्ट दॅट माय सिस्टर्स कमिंग ओव्हर...’ त्यावर पहिला, ‘ओह, नो वरीज.’ प्रश्न होता, ती मदतीला येणार का? निम्म्या वर्गाने लिहिलं, ‘सांगितलेलं नाही.’ ट्रान्सक्रिप्ट हातात दिला तरी तेच उत्तर! कारण ‘मी येत नाही’ असं ती बाई कुठे म्हणतच नाही.

डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस कामाला येतं ते इथे. वाक्याचा अर्थ काय हे बाजूला ठेवून त्या वाक्याने माणूस काय करतोय हे बघायचं. 2009 साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास झाला, त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद लागतात असं दिसलं, म्हणजे सेकंदभराची शांतता ही खूपच मोठी झाली. होकार पटकन येतो. नकार येतो उशिरा, ‘वेल’चं पांघरूण घेऊन आणि न विचारलेलं कारण सोबत घेऊन. मी वर्गाला विचारलं, आपण मराठीत नाही कसं म्हणतो? एकजण म्हणाला, ‘बघतो.’ दुसरी म्हणाली, ‘अगं झालं काय की...’ आणि सगळे हसले, कारण ‘झालं काय की’ ऐकलं की पुढचं वाक्य ऐकायची गरजच नसते! मग जपानीतलं ‘दोयोबि वा चोत्तो...’ (शनिवार जरा...) असं अर्धवट सोडलेलं वाक्य म्हणजे नकार हे वेगळं शिकवावं लागलं नाही. जपानी माणूस मध्येमध्ये ‘हाय, हाय’ (हो, हो) करतो ते बऱ्याचदा ‘पटलं’ नसून ‘ऐकतोय, बोला’ असतं, हेही त्याच तासात उरकलं.

आता तोटे, आणि ते बरेच आहेत. तयारीला वेळ जातो, श्वास-थांबे-अडखळणं सकट एक मिनिट उतरवायला मला पाऊण तास लागतो, आणि ऑटोमॅटिक ट्रान्सक्रिप्टवर विसंबू नका, तो नेमकं ‘अं’ आणि ‘वेल’ गाळून टाकण्याची शक्यता असते. पाठ्यपुस्तकातले ऑडिओ बऱ्याचदा इतके स्वच्छ असतात की त्यात शोधायला काही उरतच नाही. आणि परिभाषेचा मोह! पहिल्या बॅचला मी ‘डिस्कोर्स मार्कर’ (‘वेल’सारखे शब्द), ‘अ‍ॅडजेसन्सी पेअर’ (प्रश्न-उत्तरासारखी बोलण्यातली जोडी) सगळं शिकवलं, मुलं नावं फाडफाड सांगायला लागली, ऐकणं होतं तिथेच राहिलं. चूक माझीच.

लेक्चर ऐकायला शिकवत असाल तर अजून एक. शॉद्राँ आणि रिचर्ड्स यांनी 1986 मध्ये तपासलं होतं, ‘आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळू’ असे मोठे दिशादर्शक श्रोत्यांना लक्षात ठेवायला उपयोगी पडले, ‘सो’, ‘वेल’ असले छोटे शब्द तसे पडले नाहीत. म्हणजे संभाषणात ‘वेल’वर थांबा, लेक्चरमध्ये त्याच्या याद्या करत बसू नका.

मग ठरवायचं कसं? मी एक टेस्ट घेते. मुलं जिथे चुकली तिथला ट्रान्सक्रिप्ट वाचायला देते. वाचून लगेच कळलं, तर दुखणं कानाचं आहे, डिक्टेशन करा. वाचूनही कळलं नाही आणि शब्द तर सगळे माहीत आहेत, तर डिस्कोर्सकडे वळा. शब्दच माहीत नसतील तर ऑडिओ बदला, तिथे कुठलीच पद्धत वाचवणार नाही. माझ्या अनुभवात ए-वनला (अगदी सुरुवातीची पातळी) बहुतेक सगळे पहिल्या गटात असतात, बी-वनच्या (मधली पातळी) आसपास दुसरा गट फुगायला लागतो.

परीक्षा तोंडावर असेल तर नेहमीची पद्धत सोडू नका, पण पेपर बघून मिसळा. जेएलपीटीत (जपानीची परीक्षा) एक छोटं वाक्य ऐकवून त्यावर योग्य प्रतिसाद निवडायचा भाग असतो, पर्यायही छापलेले नसतात, तिथे कोण कशाला काय उत्तर देतं याचा सराव थेट उपयोगी. आयेल्ट्समध्ये (इंग्लिशची परीक्षा) ऑडिओ एकदाच ऐकवतात आणि शेवटचा भाग लेक्चरसारखा, तिथे ते मोठे दिशादर्शक.

पहिल्यांदा करून बघायचं असेल तर फोनवरच्या बोलण्याचा शेवटचा अर्धा मिनिट घ्या. नुसतं एवढंच विचारा, फोन ठेवायची तयारी नेमकी कुठे सुरू झाली? ‘बाय’च्या बऱ्याच आधी कुठेतरी ‘एनीवे’ किंवा ‘राइट, सो...’ सापडेल, आणि ‘बरं चल मग’ म्हणून पुढे दहा मिनिटं बोलणाऱ्या आपल्या लोकांना तो ओळखायला फार वेळ लागत नाही.